माती चाखणारीची लेक

पूर्वी कधी एकदा, म्हणजे इतक्या पूर्वी की आज जिथे नुसती वाळू उडते तिथे तेव्हा कमरेएवढा गहू डोलायचा, दोन नद्यांच्या मधे एक मोठं नगर होतं.

तिथली माणसं फार हुशार. नदी कितीही लांब असो, तिला पाटात घालून ती दाराशी आणायची. पाट जाईल तिथे वस्ती व्हायची, वस्तीचं गाव व्हायचं आणि गावाचं नगर. असं करत करत पूर्वेला समुद्रापर्यंत आणि पश्चिमेला डोंगरापर्यंत या नगराच्या पोटची सहा नगरं झाली. लोक त्यांना लेकीनगरं म्हणायचे. लेक सासरी धाडावी तसं त्यांना सगळं इथूनच जायचं. बी जायचं, बैल जायचे, चुलीतला विस्तव जायचा, आणि माती चाखणारी एक बाई जायची.

माती चाखणारी कशाला, असं तुम्ही विचाराल. तर ती या लोकांची रीत होती. पेरणीच्या आदल्या दिवशी माती चाखायची, आणि तो मान एकाच घरातल्या बायकांचा. आठ दिवस अळणी खायचं, म्हणजे जीभ कोरी होते. मग सकाळी अनवाणी निघायचं, नगराभोवतालच्या सातही शिवारांत जाऊन चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, आणि प्रत्येक ठिकाणी एकच शब्द बोलायचा. गोड, नाहीतर खारट.

गोड म्हटलं की पेरणी. खारट म्हटलं की त्या शिवाराच्या पाटाचं तोंड तीन वर्षं बंद. मग तिथे जवासा माजू द्यायचा. जवासा म्हणजे काटेरी झुडूप. उंटाशिवाय कोणी त्याला तोंड लावत नाही. पण त्याची मुळं विहिरीएवढी खोल जातात आणि जमिनीखाली तुंबलेलं पाणी पिऊन टाकतात. पाणी खाली उतरलं की मीठही खाली उतरतं. तीन वर्षांनी माती परत गोड. तोवर त्या शिवारातल्या घरांना बाकीच्या सहा शिवारांनी जेवू घालायचं, कुरकुर न करता. ही रीत कोणी घातली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण नगर हजार वर्षं जगलं होतं ते तिच्याच जिवावर.

पुढे लेकीनगरं वाढली तशी आईची ओढाताण वाढली. पाट खणणाऱ्यांना धान्य हवं, नव्या वस्तीला पहिली पाच वर्षं धान्य हवं. मग पडीक शिवारातल्या माणसांचं खाणं लोकांच्या डोळ्यावर येऊ लागलं. "आले बघा वाडगं घेऊन," बायका म्हणायच्या. "जमीन झोपलीये आणि पोट मात्र जागं!" त्यांना मिळणाऱ्या धान्याचं माप घटत गेलं, पायलीचं मापटं झालं, मापट्याचं चिपटं झालं.

त्या वेळी माती चाखायचा मान साळूकडे होता. साळू त्या घरची सून, डोंगरापल्याडच्या गावातून आलेली. सासूची जीभ म्हातारपणाने बोथट झाली तेव्हा तिने सुनेला शिकवलं. साळूला एकच मुलगी, तानी, दोन वर्षांची. नवरा लांबच्या पाटावर गाळ काढायला गेलेला असायचा, वर्षातून दोनदा घरी यायचा.

आदल्या वर्षी साळूने शेजारच्या शिवाराला खारट म्हटलं होतं. खरंच खारट होतं ते. पाट बंद झाला. त्या शिवारात तिची मैत्रीण ठकी राहायची. ठकीचा मुलगा तानीच्याच वयाचा, दोघं एका पाळण्यात झोपलेली. चिपट्यावर पोट भरेना. उन्हाळ्यात पोर गेलं.

ठकी भांडली नाही. पाण्यावर भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "तू एक शब्द बोललीस गं, आणि माझा पाळणा रिकामा झाला."

ते साळूच्या काळजात रुतून बसलं. त्या दिवसापासून ती झोपेतही तानीच्या छातीवर हात ठेवून बघायची, श्वास चालू आहे ना म्हणून. दूध प्यायली नाही तर धसका, जास्त प्यायली तरी धसका.

मग पुन्हा चाखायचा दिवस आला. तानी तापातून नुकतीच उठलेली, आईचा पदर सोडेना.

"सूनबाई, पोरीला माझ्याजवळ ठेव," सासू म्हणाली. "माती चाखताना कडेवर लेकरू नसावं."

"का पण, आत्याबाई?"

"ते मला नाही ठाऊक. माझ्या सासूने सांगितलं, मी तुला सांगितलं."

"अहो, पण रडून रडून परत ताप चढेल तिला." आणि साळूने तानीला उचललं.

ठकीचं शिवार पडीकच होतं, बाकीची पाच गोड निघाली. सातवं शिवार साळूचं स्वतःचं. तिने चिमूट जिभेवर ठेवली. मीठ होतं. ओठाला झोंबेल इतकं मीठ.

मागे सगळं गाव उभं होतं. सगळ्यात पुढे थोरला पाटकरी. सातही पाटांची दारं त्याच्या हुकमाने उघडायची आणि मिटायची. माणूस वाईट नव्हता, पण पाट बंद करायचा म्हटलं की त्याला आपलाच गळा आवळल्यासारखं व्हायचं.

"बोला साळूबाई," तो म्हणाला. "ऊन चढतंय."

तानीने आईच्या मानेत तोंड खुपसलं. तिचा हात चिमणीच्या पायासारखा बारीक झाला होता.

"आई, भूक," ती म्हणाली.

"गोड," साळू म्हणाली.

हलगी वाजली. पाटाचं दार उघडलं.

घरी आल्यावर सासूने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या टाचांकडे बघितलं. टाचांवर पांढरी कड वाळली होती.

"पाय धुऊन घे," सासू म्हणाली.

साळूला रडू फुटलं. "एकच वर्ष, आत्याबाई. तानीने जरा अंग धरलं की पुढच्या वर्षी खरं सांगते. तुमची शपथ."

"माझी शपथ कशाला घालतेस? मी काय उद्या आहे?" म्हातारी म्हणाली. "आणि एक वर्ष कधी एकटं येत नाही, बाई."

गहू उगवला, पण विरळ. थंडीत आलेले करकोचे काढणीपर्यंत रेंगाळले. दरवर्षी लांबच्या थंड देशांतून ते उडत यायचे आणि काढणी झालेल्या रानात सांडलेले दाणे वेचायचे. साळू सकाळी सरवा, म्हणजे रानात गळलेल्या ओंब्या, वेचत होती. एका म्हाताऱ्या करकोच्याने दाणा उचलला, चोचीत घोळवला आणि थुंकला.

"काय गं बाई, दाण्यांना मीठ लावून ठेवलंय का यंदा?"

"मोठा आलाय चवीचा!" साळू म्हणाली. "फुकटचं खातोस आणि वर नावं ठेवतोस?"

"फुकट खाणाऱ्यालाच चव कळते. घाम गाळणाऱ्याला सगळं गोड लागतं." करकोच्याने मान वाकडी केली. "ही चव मी ओळखतो. तुम्ही काही पहिली नाही. भाजक्या विटांचं एक नगर होतं, रस्ते दोरी धरून आखलेले. नदी रुसून दुसरीकडे गेली, तर ती माणसं विहिरी खोल करत बसली. पाऊल उचललं नाही. दुसरं एक समुद्रकाठचं, जहाजांचं. जहाजांसाठी त्यांनी डोंगर बोडका केला. पावसाने डोंगराची माती आणून त्यांच्याच बंदरात टाकली, आणि जहाजं चिखलात रुतली. आणखी एक घनदाट जंगलात, आभाळाला पायऱ्या लावलेलं. ते मी नाही बघितलं, वादळात वाट चुकून आलेल्या एका पाखराने सांगितलं. चुना भाजायला त्यांनी सगळं रान भट्टीत घातलं. आता तिथे माकडं न्याहारी करतात."

साळूच्या हातातली ओंबी तशीच राहिली. "आणि तिथे वेळेवर सांगणारं कोणीच नव्हतं?"

"सांगणारं सगळीकडे असतं," करकोचा म्हणाला. "पण सगळीकडे त्याच्या कडेवर लेकरू असतं."

साळूने ढेकूळ उचलून त्याला मारलं. "हो चालता! तुला पंख आहेत म्हणून बोलतोस."

करकोचा उडाला. नेम लागला नव्हता.

दुसऱ्या वर्षी साळू खरं बोलणारच होती. पण तानीला खोकला झाला होता. तिसऱ्या वर्षी तानी धडधाकट होती, पळत होती, हसत होती. पण तोवर दुसरीच भीती जन्माला आली होती. आता खारट म्हटलं तर लोक विचारतील, मागची दोन वर्षं काय चाखत होतीस? आपल्याला हाकलतील, आणि मग तानीला कोण बघेल? चौथ्या वर्षी आणखी एक शिवार खारट लागलं. पाचव्या वर्षी आणखी दोन. साळू प्रत्येक ठिकाणी गोड म्हणाली. त्याच वर्षी सासू गेली. जाताना तिने साळूचा हात धरला होता.

लोकांना दिसत नव्हतं असं नाही. बांधाबांधावर पांढरं फुटायला लागलं होतं. थोरल्या पाटकऱ्याने बघितलं आणि म्हणाला, "चाखणारी गोड म्हणते, म्हणजे माती चांगली आहे. हे वरवरचं आहे. जमीन तहानलीये. पाणी दुप्पट सोडा, धुऊन जाईल."

पाणी दुप्पट सोडलं. खालचं पाणी वर आलं, आणि मिठाला वर यायला जणू जिना मिळाला. गहू हरला. मग लोकांनी जव पेरला, जव जरा खारं सोसतो. जवाची भाकरी खरखरीत, पोरांच्या घशात टोचायची, पण सवय झाली. बायका पाण्यावर थट्टा करायच्या.

"आमच्या घरात मिठाचं मडकं रिकामंच असतं बाई आता. आमटीला लागतंच कुठे?"

"माझा नवरा तर म्हणतो, तुझ्या हाताला चव आली!"

हसायच्या, आणि घागर डोक्यावर घेताना एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

तानी मोठी होत होती, तीच भाकरी खाऊन. साळू तिच्या ताटाकडे बघायची आणि मनाला समजावायची, पोर जगली ना, बास. चाखायच्या आधीचे आठ दिवस साळू नुसत्या जवाच्या कण्या शिजवून खायची, वर मिठाचा खडासुद्धा नाही. तरी त्या खारटच असायच्या. कोरी जीभ कशी असते हे तिला माहेरच्या आठवणीवरूनच कळायचं. तिकडचा गहू, तिकडचं ताक तिला आठवायचं.

असं अकरावं वर्ष आलं. आता शिवारात चाललं की पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. गेल्या हंगामात सात शिवारांत मिळून एका शिवाराएवढंही पिकलं नव्हतं. कणगीत पुढच्या पेरणीपुरतंच बी उरलं होतं. ते पेरलं आणि उगवलं नाही, तर सगळं संपलं. ते ठेवलं, पाट बंद केले, लेकीनगरं आणि डोंगरापल्याडची गावं यांच्याकडे तीन वर्षांसाठी हात पसरले, तर कदाचित वाचू. साळूने रात्रंदिवस हेच घोकलं. आणि ती सकाळी निघाली तेव्हा तानीला घरीच ठेवलं.

पहिल्याच शिवारात ती म्हणाली, "खारट."

हलगीवाल्याचा हात वरच राहिला.

"सातही शिवारं खारट आहेत," साळू म्हणाली. "बी पेरू नका. पाट बंद करा. पाया पडते."

थोरला पाटकरी म्हातारा झाला होता. त्याला आधी कळलंच नाही. मग त्याचा चेहरा बदलला. "दहा वर्षं गोड. आणि आज एकदम सातही खारट? साळूबाई, मातीला काय झालं ते नंतर बघू. तुमच्या जिभेला काय झालंय?"

"जिभेला काही नाही झालं. मीच..." साळूने त्याच्यासमोर हात जोडले. "मीच खोटं बोलत होते."

गर्दीतून ठकी पुढे आली. तिचे केस सगळे पांढरे झाले होते. ती साळूच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"माझ्या वेळी बरी खरं बोललीस गं," ती म्हणाली. "माझ्या वेळी जीभ होती तुला."

त्यानंतर साळूचं कोणी ऐकलं नाही. खोटारडी म्हणून लोक ओरडले, आणि खोटारडीचं आजचं बोलणं तरी खरं कशावरून, असंही ओरडले. बी पेरायची घाई सगळ्यांनाच होती. पेरणं म्हणजे आशा होती, आणि पाट बंद करणं म्हणजे हात पसरणं.

"दुसरी जीभ आणा," पाटकरी म्हणाला. "त्या घरात मुलगी आहे ना? बारा वर्षांची झाली. आणा तिला."

हे ऐकून साळूला बरं वाटलं, म्हणजे बघा. तिला वाटलं, माझ्यावर नको विश्वास, पण पोरीला कोणाचं भय नाही. पोर खरं सांगेल. नगर वाचेल, आणि वाचवणारी माझी तानी असेल.

तानी आली. अनवाणी, दोन वेण्या घातलेली. तिने वाकून चिमूट घेतली. माती अशी पांढरी होती की हातावर पीठ वाटावं. तिने ती जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आईकडून बघितलं होतं तसं.

"गोड," तानी म्हणाली.

"तानी!" साळूने तिचे खांदे धरले. "घाबरू नकोस बाळा. खरं सांग. कोणी काही करणार नाही तुला."

पोरगी गोंधळली. तिने परत चिमूट घेतली, परत चाखली. मग आईकडे अशी बघायला लागली, जशी वेड्या माणसाकडे बघावं.

"खरंच गोड आहे गं आई. आपल्या भाकरीसारखीच लागते."

साळूने तिचे खांदे सोडले.

तानी खोटं बोलत नव्हती. समज आल्यापासून तिने दुसरी चवच घेतली नव्हती. जे मीठ आईला झोंबत होतं, ते पोरीला मीठ म्हणून ठाऊकच नव्हतं.

हलगी वाजली. कणगीतलं शेवटचं बी त्या दिवशी मातीत गेलं, आणि मातीतच राहिलं. एक कोंब आला नाही.

मग जे व्हायचं ते झालं. आधी गुरं गेली, मग म्हातारी माणसं, मग तान्ही मुलं. चालता येणारे चालायला लागले. साळूचा नवरा लांबच्या पाटावरून परत आलाच नाही. थोरल्या पाटकऱ्याने धडधाकट माणसं गोळा केली आणि उत्तरेच्या नदीकाठी नवं नगर वसवायचं ठरवलं. रीतीप्रमाणे चाखणारी बरोबर हवी. त्यांनी तानीला घेतलं.

साळू वेशीत आडवी पडली. "नका हो नेऊ! तिला मीठ कळत नाही. ती नेईल तिथे हेच होईल."

"पोर कधी खोटं बोलली नाही," पाटकरी म्हणाला. "खोटं तुम्ही बोललात."

"मग मला तरी बरोबर घ्या. मी मागून चालेन, बोलणार नाही."

"खोटी जीभ नव्या मातीवर नको."

तानी खाली वाकली. आईच्या तोंडावरची धूळ तिने पदराने पुसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि रागही होता.

"सगळ्यांसमोर तू मला खोटी ठरवतेस, आई?" ती म्हणाली. "मी काय वाईट केलं तुझं?"

साळू काय सांगणार? मी तुला जगवलं, हे सांगणार, की मी तुला काय करून ठेवलं, हे सांगणार? तिने तानीचा बारीकसा हात धरला. तो सोडवून घेऊन तानी चालायला लागली. तिने वळून बघितलं नाही.

साळू रिकाम्या नगरात राहिली. किती दिवस, ते सांगायला तिथे कोणी नव्हतं.

उत्तरेच्या नदीकाठची माती काळी, मऊ, कोणी न नांगरलेली होती. तानीने ती चाखली आणि तोंड वाकडं केलं. "ही कच्ची आहे," ती म्हणाली. "चवच नाही हिला. पाणी सोडा भरपूर." लोकांनी पाट खणले, भरपूर पाणी सोडलं. काही वर्षांनी बांधावर पांढरं फुटलं. तानीने चिमूट जिभेवर ठेवली आणि तिला घर आठवलं. "आता गोड झाली," ती आनंदाने म्हणाली. तिच्या मुली पुढच्या नगरांत गेल्या, त्यांच्या मुली त्याच्याही पुढे. सगळ्या खरं बोलणाऱ्या, सगळ्या प्रामाणिक. आज त्या सगळ्या नगरांवर वाळू आहे.

बोध : लेकराच्या भल्यासाठी म्हणून आज जे खरं आपण गिळतो, ते उद्या लेकराला समोर असून ओळखताच येत नाही, आणि मोठमोठी राज्यं बुडतात ती तिथेच.